सेर्केरांच्या कबरीची मुदत

गासमध्ये सेर्केरांचं घर एकच. परेरा म्हटलं की पोस्टमन विचारायचा, कुठल्या आळीतले. डाबरे म्हटलं की विचारायचा, कोणाचे. सेर्केरांच्या पाकिटावर मात्र आडनाव आणि गाव एवढं पुरायचं. त्या घरात आता तीनच माणसं राहत होती: सत्त्याहत्तर वर्षांचे प्लासिड, त्यांची सून क्लारा आणि नात एलिना. मुलगा एल्रॉय कुवेतला होता. एलिनाला भाऊ नव्हता. तिचं लग्न झालं की आडनाव संपलं, हे गणित गावानं तिच्या आधीच सोडवून ठेवलं होतं.

प्लासिडांच्या किडन्या गेल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी क्लाराला दाराबाहेर नेऊन सांगितलं की हृदयही थकलंय, आता वर्षं मोजू नका. दार नीट लागलेलं नव्हतं. त्याच संध्याकाळी प्लासिडांनी नातीला हाक मारली.

"एली, तुला सध्या कामधंदा नाय ना?"

"आजा, नऊ ठिकाणी अर्ज केलेत मी."

"म्हणजे नाय. मग माझं एक काम कर. आपल्या आडनावाचं आणखी कोण हाय का, ते शोध. चर्चची पुस्तकं बघ, नायतर त्या मोबाईलमध्ये बघ. पण शोध."

"कशाला?"

"मी मेल्यावर कळवायला नको कोणाला?"

"आजा!"

"बरं, मेल्यावर नको. त्याच्या आधी शोध."

एलिनाला वाटलं, म्हाताऱ्याला आडनाव बुडायची रुखरुख लागली असेल. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि हातात काम नसलं की तिला करमत नसे. तिनं दुकानातून जाड कागदाची कार्डं आणली. एका माणसाला एक कार्ड: जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, दफनाची जागा. नक्की माहीत असेल ते पेनानं, अंदाज असेल ते पेन्सिलीनं. प्रयोगशाळेत तिला ही शिस्त बाईंनी रागावून रागावून लावली होती आणि आता ती स्वभावात मुरली होती.

फादरांनी दर शनिवारी ऑफिसात बसायची परवानगी दिली. हात धुऊन बसायचं, पान दोन बोटांनी उलटायचं, पाण्याची बाटली टेबलावर ठेवायची नाही. जुन्या वह्या पोर्तुगीज भाषेत होत्या, मधल्या लॅटिनमध्ये, पुढच्या इंग्रजीत. कसरीनं खाल्लेल्या ओळींमधून एलिनानं 'जन्मला', 'मेला', 'अमक्याचा मुलगा' एवढे शब्द ओळखायला शिकून घेतलं. पाच शनिवारांत त्रेचाळीस कार्डं झाली. प्लेगच्या सालात तीन आठवड्यांत पाच सेर्केर गेले होते. एका बाईची चार मुलं एकामागून एक, आणि चौथ्याला पुन्हा पहिल्याचंच नाव. मोजायला बसलं की आकडे सोपे होते. नावं वाचायला लागलं की मात्र तिला उठून बाहेर व्हरांड्यात जावं लागे.

आडनावाच्या सगळ्या फांद्या कुठे ना कुठे तुटत होत्या. कोणी अठराव्या वर्षी तापानं गेला, कोणी फादर झाला, कोणाला मुलीच झाल्या. प्रत्येक कार्डावर शेवटी मृत्यूची तारीख पडली. एका कार्डावर पडेना.

रफेल सेर्केर. बाप्तिस्मा १९४४. वडील इनास, आई इनेझ.

एलिना ते नाव बघत राहिली. इनास आणि इनेझ हे प्लासिडांचे आईवडील, आणि प्लासिडांचा जन्म १९४७ चा. म्हणजे आजाला सख्खा मोठा भाऊ होता आणि तिच्या तेवीस वर्षांच्या आयुष्यात त्याचं नाव एकदाही घरात कोणी घेतलं नव्हतं. बाप्तिस्म्याच्या वहीत प्रत्येक नावाशेजारी समास सोडलेला असतो; माणसाचं लग्न कुठंही झालं तरी तिथलं चर्च कळवतं आणि ते त्या समासात नोंदतात. रफेलच्या समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं: लग्न १९६६, वधू एस्थर. पुढे चर्चचं नाव होतं. ते होतं किनाऱ्यावरच्या कोळीवाड्याचं.

घरी आली तेव्हा प्लासिड पडवीत बसून केळीच्या पानांच्या गुंडाळ्या सोपानं, केळीच्याच वाळक्या सालीच्या दोरीनं, बांधत होते. वाडीतलं एवढंच काम आता त्यांना झेपत होतं.

"आजा, रफेल कोण?"

त्यांनी गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली.

"मिळाला का?"

"तुम्हाला सेर्केर कोणी नकोच होता. रफेलच हवा होता."

"तू शोधल्याशिवाय त्याचं नाव माझ्या तोंडातून येणार नव्हतं, पोरी," ते म्हणाले. "मी लय वेळा बघितलंय काढून."

मग तुकड्यातुकड्यानं त्यांनी सांगितलं. रफेलनं कोळ्याच्या पोरीशी लग्न केलं. आजच्यासारखे दिवस नव्हते. वाडीवाले आपल्यातच सोयरीक करत आणि बंदरावरचे त्यांच्यात, मग चर्चमधली मिस्सा एकच असली म्हणून काय झालं. इनासनं थोरल्या मुलाला घराबाहेर काढलं. दोन वर्षांनी, १९६८ च्या फेब्रुवारीत, रफेलचं आठ दिवसांचं बाळ गेलं. तो पहाटे चालत गासला आला. सेर्केर गासच्या दफनभूमीत, आपल्या घराण्याच्या कबरीतच जातात, म्हणून बाळाला घेऊन आला.

"बिस्किटाच्या खोक्यापेक्षा थोडी मोठी पेटी," प्लासिड म्हणाले. "डोक्यावर पण नाय. अशी, पोटाशी धरलेली."

"मग?"

"मग काय. मी दफनभूमीच्या फाटकाशी गेलो. आमची क्रिस्टीना आतू, बाबाची बहीण, नुकतीच गेली होती, तिला त्याच कबरीत ठेवलेलं. पाच वर्षं कबर उघडता येत नाय, नियम हाय. तसं सांगितलं त्याला. तो गेला."

हा नियम एलिनाला माहीत होता. घराण्याच्या कबरीत एकाला ठेवलं की पाच वर्षं तिला हात लावत नाहीत. मुदत झाली की जुनी हाडं बाजूला करून पुढच्याला जागा करतात. ती आत गेली, कार्डांचा गठ्ठा घेऊन आली आणि एक कार्ड काढून उजेडात धरलं. पेनानं लिहिलेलं होतं.

"आजा, क्रिस्टीना सेर्केर १९७९ साली वारल्या."

प्लासिडांनी सोपाची गाठ पुन्हा घट्ट केली.

"बाळ येण्याआधीचं कबरीतलं शेवटचं दफन तुमच्या आईचं. जून १९६१. म्हणजे बाळ आलं तेव्हा सहा वर्षं आठ महिने झाले होते."

"तुला सगळं लिहून ठेवायची खोड," ते हळूच म्हणाले. रागावलेले नव्हते. हातातली पानं त्यांनी खाली ठेवली. "बाबा म्हणाला, जा, त्याला सांग, त्या बाईच्या पोराला इथं जागा नाय. मी वीस वर्षांचा होतो. फाटकापर्यंत तेच घोकत गेलो. तिथं तो उभा. पेटी अशी धरलेली. मला ते बोलता येईना गो. मग तोंडात आलं ते बोललो. म्हटलं, आतू गेली गेल्या पावसाळ्यात, तिला ठेवलंय, मुदत व्हायची हाय. झाली की मी निरोप पाठवीन."

"आणि आतू?"

"आतू घरात होती. चुलीवर भात ठेवलेला तिनं. आई गेल्यावर तिनंच आम्हाला वाढवलं. रफेल पेटी धरूनच रडला तिच्यासाठी. बाळासाठी रडला नव्हता, तो तिच्यासाठी रडला."

"नंतर का नाही सांगितलं?"

"कसं सांगू? तो घरी आला असता आणि दारात आतूच उभी असती. बाबा गेला चौऱ्याहत्तरला, कबर उघडली, तेव्हा पण वाटलं निरोप धाडावा. पण आतू जिवंत होती. मग आतू गेली. मग वाटलं, आता काय तोंडानं सांगू." त्यांनी खाली ठेवलेली पानं उगाच सारखी केली. "आतू असेपर्यंत रोज विचारायची मला. रफेलचा काय निरोप? मी म्हणायचो, बोटीवर असेल."

आत क्लाराच्या कुकरची शिट्टी झाली.

"मला त्याला शोधून दे, एली. माझ्या तोंडानं सांगायचंय. तो नसेल तर त्याचं जे कोण असेल त्याला. आणि ते पोर कुठं ठेवलं ते विचार. त्याला आपल्यात आणायचंय. मला तिथं ठेवाल त्याच्या आधी."

कोळीवाड्याच्या चर्चमध्ये एलिनाला वही लगेच सापडली. एस्थरची दोन बाळं. पहिलं १९६८ चं, घरीच सुइणीनं घाईघाईत बाप्तिस्मा दिलेलं, आठव्या दिवशी मृत. दुसरी मर्सी, १९७०. समासात लग्न, १९९५. मृतांच्या वहीत एस्थर २००१, रफेल २००९. म्हणजे रफेल गासपासून तासाभराच्या अंतरावर राहिला आणि पंधरा वर्षांपूर्वी गेला. एलिनानं तारीख पेनानं लिहिली. मग पहिल्या बाळाच्या नोंदीकडे पुन्हा बघितलं आणि त्याचं नाव कार्डावर लिहायला तिला जरा वेळ लागला.

मर्सीचा पत्ता चर्चच्या ऑफिसातूनच मिळाला; ती एव्हरशाईन सिटीत राहत होती, तिसऱ्या मजल्यावर. घरी ब्लाउज शिवायची. एलिनानं दाराबाहेरून 'मर्सी सेर्केर?' असं विचारलं, तेव्हा गळ्यात टेप, दातांत टाचणी, अशीच तिनं दार उघडलं.

"सेर्केर? माझ्या माहेरचं नाव घेऊन कोन आलं म्हनून घाबरलेच मी. मला वाटलं बँकवाली." मग एलिनाचं पूर्ण नाव ऐकून तिनं टाचणी काढली. "सेर्केर? तू? गासची?"

"प्लासिडांची नात."

मर्सी तिच्याकडे बघत राहिली. "कान पप्पांसारखे आहेत तुझे," ती म्हणाली. "बस. पानी आनते."

पाणी आणलं, चहा ठेवला, कापडांचे ढीग खुर्चीवरून पलंगावर टाकले. तिला केवढं तरी बोलायचं होतं. पप्पा कधी कोणाबद्दल वाईट बोलले नाहीत. त्यांचा बाप तापट होता, एवढंच म्हणायचे. पण प्लासिडबद्दल बोलताना आवाज बदलायचा. "म्हनायचे, माझा भाऊ शब्दाचा पक्का. मुदत झाली की निरोप पाठवील. बहात्तर साली त्यांनी मम्मीला नवं पांढरं कापड आनायला सांगितलेलं, पेटीसाठी. ते कापड मी बघितलंय. मग त्र्याहत्तर झालं, चौऱ्याहत्तर झालं. मग म्हनायचे, दुसरं कोनी गेलं असेल त्यांच्यात, परत मुदत लागली असेल."

एलिनानं कप बशीत ठेवला.

"आनि क्रिस्टीना आतू. दर फेब्रुवारीत पप्पा तिच्या नावानं मिस्सा ठेवायचे. बोटीवर असले तरी मम्मीला बजावून जायचे. आईच होती ती माझी, म्हनायचे, मला तिच्या मातीला जाता नाय आलं. मी अजून ठेवते. यंदा पन ठेवली." मर्सीनं डोळे पुसले आणि हसली. "तू लय सायन्सवाली दिसतेस. सांग बघू, खरी मुदत किती असते गो?"

"पाच वर्षं," एलिना म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. त्यापुढचं तिच्या तोंडून निघेना. आजाला फाटकाशी काय झालं असेल ते त्या क्षणी तिला कळलं, आणि ते कळलेलं तिला अजिबात आवडलं नाही. तिनं कसंबसं एवढंच म्हटलं, "मावशी, आजाला तुमच्याशी बोलायचंय. ते स्वतः सांगतील. आनंदाचं नाहीये."

"आत्या म्हन," मर्सी म्हणाली. "तुझ्या बापाची चुलत बहीन मी."

ती रविवारी आली. मिस्सेची साडी नेसून, हातात पापलेटची पिशवी. क्लारानं पिशवी घेतली आणि ती एलिनाला घेऊन स्वयंपाकघरात थांबली. पडवीतलं सगळं ऐकू येत होतं.

प्लासिडांनी काही वगळलं नाही. बाबा काय म्हणाला, स्वतः काय म्हणाले, भाताचं, आतूचं, सगळं. शेवटी विचारलं, "पोराचं नाव काय ठेवलं होतं गो? मी त्या दिवशी विचारलंच नाय."

मर्सी म्हणाली, "प्लासिड."

वाडीत कुठेतरी पंप सुरू होता, तेवढाच आवाज.

"आजाचं नाव ठेवायची रीत. पन पप्पांनी भावाचं ठेवलं." मर्सी उठली असावी, खुर्ची सरकली. "अकरा वर्सं पप्पांनी जित्या बाईच्या नावानं मिस्सा ठेवल्या. आनि ती इथं, एवढ्याशा वाटेवर, त्यांची वाट बघत होती. एकदा तरी भेटली असती ना दोघं. एकदा तरी."

"माफ कर," प्लासिड म्हणाले.

"मी कोन माफ करनारी? तुम्ही ज्यांना फसवलं ते सगळे गेले."

"पोर कुठं हाय? त्याला आणू आपल्यात."

"किनाऱ्याच्या बाजूला, बारक्या मुलांच्या रांगेत ठेवलेलं. ती रांग समुद्रानं नेली, मी शाळेत होते तेव्हाच. आता तिथं नुसती वाळू." ती पायऱ्या उतरली आणि मग तिचा आवाज खालून आला. "मला विचार करू दे. मी निरोप पाठवते."

त्या दिवसापासून प्लासिड निरोपाची वाट बघू लागले. डायलिसिसला जाताना फोन क्लाराच्या हातात देत, "वाजला तर घे गो." परत येताना विचारत, "वाजला?" एलिनानं दोनदा मर्सीला फोन केला. पहिल्यांदा तिनं उचलला आणि म्हणाली, "नाय जमत, बाय. रात्रंदिवस पप्पा डोळ्यांपुढं येतात." दुसऱ्यांदा उचलला नाही. तिसऱ्यांदा एलिनानं केला नाही. कोणाला किती वेळ लागावा, याचा काही नियम नव्हता.

दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, प्लासिडांनी खुर्चीतून दफनभूमीत न्यायला लावलं. कबरीवर झेंडू घातला, मेणबत्त्या लावल्या, आणि सगळा वेळ मान वळवून फाटकाकडे बघत बसले. लोक येत होते, जात होते.

"चल," अंधारून यायला लागल्यावर ते म्हणाले. "चाळीस वर्षं बघितली त्यानं. माझा तर महिना पण नाय झाला."

अकरा नोव्हेंबरला दुपारी ते गेले. फोन उशाशी होता.

एल्रॉय दुसऱ्या दिवशी पहाटेच्या विमानानं पोचला. एलिनानं मर्सीला मेसेज केला, फक्त वेळ आणि जागा. निळी खूण दिसली, उत्तर आलं नाही. दुपारी चार वाजता कबर उघडली होती. बाजूला पांढऱ्या फडक्यात जुनी हाडं बांधून ठेवली होती, इनास, आतू, एलिनाची आजी, आता कोणाची कोणती ते सांगता न येणारी. फादर प्रार्थना म्हणत होते. एलिनानं सहज मान वर केली आणि फाटकाबाहेर मर्सी दिसली. चालत आल्यासारखी घामेजलेली, दोन्ही हात पोटाशी धरून उभी.

एलिना गर्दीतून वाट काढत गेली. "आत्या, आत या."

"नाय. पप्पांनी हा उंबरा नाय ओलांडला. मी कशाला ओलांडू?" तिनं हात पुढे केले. पांढऱ्या कापडाची छोटी पुरचुंडी होती. कापड जुनं होतं, घडीवर पिवळं पडलेलं, कधीच न वापरलेलं. "वाळू हाय. सकाळी आनली. मी त्यांना माफ नाय केलं, एलिना. ते अजून जमलं नाय. पन हे पोर सेर्केर होतं. मुदत झाली असेल ना आता?"

"झाली," एलिना म्हणाली. एवढंच तिला खरं सांगता येत होतं.

पुरचुंडी हातात धरल्यावर अपेक्षेपेक्षा जड लागली. ती परत गेली, शवपेटी खाली उतरल्यावर वाकली आणि पुरचुंडी अलगद पेटीवर ठेवली. एल्रॉयनं नजरेनं विचारलं. तिनं मान हलवली. मग माती पडायला लागली. तिनं वळून बघितलं तेव्हा फाटकात मर्सी नव्हती.

आठ दिवसांनी तिनं कार्डं पुन्हा काढली. आजाचं कार्ड पूर्ण केलं, पेनानं. मग बाळाचं घेतलं. प्लासिड सेर्केर, रफेल आणि एस्थर यांचा मुलगा, १९६८, आठ दिवस. 'दफनाची जागा' रिकामी होती. वाळूत काहीही असू शकतं. ती नेमकी कुठली मूठ, हे समुद्रालाही सांगता आलं नसतं. तिनं पेन उचललं, मग ठेवलं आणि पेन्सिलीनं लिहिलं: गास, सेर्केरांची कबर.

या घरात एकदा एक न घडलेली गोष्ट पक्की म्हणून सांगितली गेली होती. ते पुन्हा करायची तिची तयारी नव्हती. तिनं अक्षरं ठळक व्हावीत म्हणून पेन्सिलीला टोक काढलं आणि तीच ओळ पुन्हा एकदा गिरवली.